पन्नास लाखांची गाडी चौदा लाखांत

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या भाऊबीजेला संध्याकाळी नाशिकहून भाच्याचा फोन आला. "मावशी, पन्नास लाखांची जर्मन गाडी चौदा लाखांत मिळतेय. सात वर्षांची आहे, पण ओरखडा नाही कुठे. वर एक वर्षाची वॉरंटी ८५ हजारांत देतायत. घेऊ का?" मी २८ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी वाहनकर्जाच्या टेबलावर गेली. त्यामुळे आमच्या घरात कोणाला गाडी घ्यायची झाली की पहिला फोन मला येतो.

त्याची हौस मला समजते. २०१० साली औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. सगळ्या देशात त्याची बातमी झाली. त्या गाड्या बनतात आपल्या चाकणला, घाटावर आणि समृद्धी महामार्गावर आपण त्यांना रोज बाजू देतो. आपल्या आईवडिलांना एकदा तशा गाडीतून पंढरपूरला न्यावं असं एखाद्या मुलाला वाटलं, तर त्यात चूक काहीच नाही. मी त्याला "नको" म्हटलं नाही. "हप्ता सोडून बाकी हिशेब केलास का?" एवढंच विचारलं.

टेबलापलीकडे बसून मी हेच पाहत आले. माणूस हप्ता मोजतो. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त आणि मुदत कमी असते, तेही तो मोजतो. पण गाडी जुनी झाली की उतरते ती गाडीची किंमत, तिच्या सुट्या भागांची नव्हे. पन्नास लाखांच्या गाडीचा हेडलाइट ती चौदा लाखांना विकली गेली म्हणून स्वस्त होत नाही. सर्व्हिस सेंटरच्या दारात ती पन्नास लाखांचीच गाडी असते आणि बिलही तसंच येतं. पहिल्या मालकाने किमतीतली घट सोसली, म्हणून ती आपल्या आवाक्यात आली. तिच्या दुरुस्त्यांचं वय मात्र आता सुरू होतंय, आणि तो खर्च आपल्या वाट्याला आहे.

एअर सस्पेन्शनचंच बघा. अशा काही गाड्यांना लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात, आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरत राहतो. सात-आठ वर्षांत रबराला बारीक चिरा पडतात. हवा गळते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि एक दिवस तोही जळतो. म्हणून अशी गाडी दुपारी, विक्रेत्याने सुरू करून उभी केलेली असताना पाहू नका. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीजवळ सकाळी जा. एखादा कोपरा खाली बसलेला दिसतो का ते पाहा. बॉनेटवर हात ठेवा. ते गार असलं पाहिजे. मग तुमच्यासमोर पहिल्यांदा स्टार्टर मारू द्या आणि इंजिनाची साखळी खडखडते का ते कान देऊन ऐका. गरम इंजिनात हा आवाज पुष्कळदा दबतो.

गिअरबॉक्सचंही तसंच. "याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं विक्रेते बिनधास्त सांगतात. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते, आणि ती स्वतः साधारण ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. तेव्हा ८५ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या सर्व्हिसच्या नोंदीत ते बदलल्याचं दिसत नसेल, तर तो खर्च तुमचा, असं धरून चाला.

भाच्याची गाडी मूळची दिल्लीची होती. डिझेलची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून मुदत संपण्याआधीच तिथल्या चांगल्या गाड्याही इतर राज्यांत विकायला येऊ लागल्या. म्हणजे दिल्लीची गाडी वाईटच असते असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, आपल्याकडची नव्याने नोंदणी आणि आपल्या राज्याचा रस्ता कर, हे सगळं चौदा लाखांच्या वर येतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ मागा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, असेल तर तो त्याच्याकडेच राहतो, आपल्याला मिळत नाही. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला संकोच कशाला?

पुराची शंका मी कधीच सोडत नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण. पाण्याखाली गेलेल्या गाड्या आपण डोळ्यांनी पाहिल्यात. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, धरलेली गाडी धुऊनपुसून लांबच्या गावी विकली जाऊ शकते. महागड्या गाड्यांत कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचे छोटे संगणक, सीटखाली आणि डिकीच्या तळाशी बसवलेले असतात. पाणी नेमकं तिथे साठतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांवरचे स्क्रू गंजलेत का ते पाहा. डिकीतला गालिचा उचलून हात फिरवा.

आता त्या ८५ हजारांच्या वॉरंटीकडे येते. माझ्या मते खरा निर्णय इथेच आहे.

पुष्कळ जण विमा आणि वॉरंटी यांची गल्लत करतात. अपघात, चोरी, पूर हा विम्याचा प्रांत. आतला भाग आपोआप बिघडला तर ती वॉरंटीची बाब. आणि वाढीव वॉरंटी म्हणजे एक करार आहे. तो कोणाशी होतोय हे आधी पाहा. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वाढीव वॉरंटी असेल तर काम कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये होतं. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या कंपन्या स्वतः तपासलेल्या जुन्या गाड्याही विकतात. त्या महाग पडतात, पण वॉरंटीमागे कोण उभं आहे ते आपल्याला माहीत असतं. बाहेरच्या तिसऱ्याच कंपनीची वॉरंटी असेल तर ती कंपनी उद्या फोन उचलेल का, हा प्रश्न आज विचारायचा.

भाच्याला मी सांगितलं, "अरे, माहितीपत्रक नको, पूर्ण करार माग." तीन दिवस टाळाटाळ झाली. मग व्हॉट्सअ‍ॅपवर २२ पानं आली. आम्ही दोघं माझ्या घरी ओसरीवर बसलो आणि तो मोठ्याने वाचत गेला. एका दुरुस्तीला दीड लाखाची मर्यादा. काम सुरू करण्याआधी लेखी मंजुरी हवी, म्हणजे रस्त्यात बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजमध्ये खोलली तर दावा गेला. झिजणारे भाग वगळलेले: ब्रेक, क्लच, बुश आणि "रबरी घटक". मी त्याला तिथेच थांबवलं. सस्पेन्शनचे फुगे रबराचेच ना? पुढे आणखी एक कलम होतं. वगळलेल्या भागामुळे दुसरा भाग बिघडला, तर तोही वगळलेला. म्हणजे फुगा गळून कॉम्प्रेसर जळाला तर फुगा नाही आणि कॉम्प्रेसरही नाही. शेवटच्या पानावर होतं की सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी वेळच्या वेळी झालेल्या असाव्यात, नाहीतर करार रद्द. या गाडीची दोन वर्षांची एकही नोंद नव्हती.

श्रोतेहो, मला त्या क्षणी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. गाडीचा इतिहास अपुरा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. ज्या गाडीला ही वॉरंटी लागूच होणार नाही, तिच्यासाठीच तो ८५ हजार मागत होता. कष्टाने पै-पै जोडणाऱ्या मुलाकडून.

म्हणून माझा हिशेब सांगते. गाडीच्या सगळ्या सर्व्हिसच्या नोंदी असतील आणि वॉरंटी तिच्या मूळ कंपनीची असेल, तर पैसे खुशाल द्या, महाग वाटली तरी. पुढे गाडी विकताना ही वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, तेही लिहून घ्या. नोंदी अर्धवट असतील तर वॉरंटी घेऊ नका. ते पैसे आणि वर आणखी, मिळून गाडीच्या किमतीचा निदान पाचवा भाग मुदत ठेवीत वेगळा ठेवा. चौदा लाखांच्या गाडीला दोन लाख ऐंशी हजार. तेवढे बाजूला काढल्यावर घरखर्च ओढाताणीने चालत असेल, तर ती गाडी आज आपली नाही.

आणि तुमची फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. करार, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, सगळं जपून ठेवा.

भाच्याने त्या विक्रेत्याला एकच प्रश्न लिहून पाठवला: "नोंदी अपुऱ्या असूनही दावा मान्य होईल, असं सहीशिक्क्यानिशी द्याल का?" उत्तर आलं नाही. आता त्याने चार वर्षांची पेट्रोल गाडी शोधली आहे. थोडी लहान आहे आणि रंग त्याच्या मनासारखा नाही. पण मालक एकच, आणि सर्व्हिसच्या नोंदी पहिल्या दिवसापासूनच्या. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, गाडी सुरू व्हायच्या आत, आम्ही दोघं ती पाहायला जाणार आहोत.

नमस्कार.