गिझर बिघडला, पैसे कोणी द्यायचे?

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरात पारा पाचाच्या खाली गेला की माझ्याकडे एकच प्रश्न येतो, "ताई, गिझर बंद पडलाय, मकानमालक म्हणतात तुमचं तुम्ही बघा. आता?" तर आज एकदाचं बोलूनच टाकू.

सोपं आधी उरकते. नळाचे वॉशर, स्विच, प्लग किरायेदाराचे. भिंतीतली वायरिंग, पाइप मालकाचे. यावर सहसा कोणी भांडत नाही.

भांडण होतं गिझरवरच. एक काका दर व्हिडिओखाली लिहितात, "2021चा मॉडेल टेनन्सी ॲक्ट वाचा, गिझर किरायेदाराकडेच आहे." काका, वाचलाय. दुसऱ्या परिशिष्टात किरायेदाराच्या यादीत गिझरची दुरुस्ती आहे खरी. पण करारात वेगळं ठरलं नसेल तरच, हेही तिथेच आहे. शिवाय हा केंद्राचा नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आणि दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती हो! जुनी टाकी गंजून गळायला लागली, तर किरायेदारानं नवा गिझर घेऊन द्यायचा? मला तरी हे पटत नाही.

आता खरा मुद्दा. आधी लिहून कळवा, मग हात लावा. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 असं सांगतं: जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे, ती कळवूनही त्यानं वाजवी वेळेत केली नाही, तर किरायेदार ती करून घेऊन खर्च किरायातून कापू शकतो. 'बंधनकारक' आहे, म्हणून करारात गिझरची ओळ हवी. 'कळवूनही' आहे, म्हणून मेसेज हवा. आपले लोक करतात काय? मेकॅनिक बोलावतात, पैसे देतात आणि एक तारखेला परस्पर कापून मोकळे!

मालकाच्या बाजूनं बघा. दौलतगंजात आईच्या वरच्या दोन खोल्या किरायानं आहेत. एका मुलानं असाच किराया कापून दिला. रक्कम फार नव्हती, पण आई आठवडाभर धुसफुसत होती, "अरे, खाली राहते मी, जिना उतरून सांगता येत नव्हतं?" मुलगा म्हणे, फोन केला होता. फोनचा काय पुरावा? व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या असत्या, तर एवढं रामायण झालंच नसतं.

आणि मेकॅनिकच्या बाजूनं. तो येतो, "एलिमेंट गेला" (म्हणजे पाणी तापवणारी कॉइल) म्हणतो, जुना भाग पिशवीत घालून निघून जातो. मग मालकाला दाखवणार काय? मेसेज आधी गेला असेल, तर मालक स्वतः येऊन उभा राहतो किंवा आपला माणूस पाठवतो. निदान जुना भाग ठेवून घ्या, बिल घ्या, फोटो काढा. आमच्याकडे उघडला तेव्हा मी बघत होते: बोअरिंगचं पाणी, एलिमेंटवर क्षाराचा थर चकलीसारखा काटेरी, आणि टाकीतून पांढरा गाळ बाहेर. हा दोष ना किरायेदाराचा, ना मालकाचा, पाण्याचा आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण, शेवटपर्यंत फिरवून ठेवलात तर क्षार आणखी लवकर बसतो. पन्नास-साठ अंश पुष्कळ झाले.

मात्र दोन हजार वॅटचा गिझर सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलात आणि बोर्ड वितळला, तर मालकाकडे बघू नका. असा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला सोळाचं सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं, आणि ते मात्र खोली देतानाच मालकानं द्यायचं.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल, तर खर्च कोणाचा ही चर्चाच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो बाहेर बसवून घ्या, नाहीतर खोली घेऊ नका. "खिडकी उघडी ठेवत जा" म्हणणारे मालक जानेवारीत स्वतः तिथे अंघोळ करून दाखवतील का?

करारात घालायची ओळ अशी: "गिझरची वार्षिक सफाई व किरकोळ दुरुस्ती किरायेदार करेल; टाकी, एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट जुना होऊन बिघडल्यास, लेखी कळवल्यापासून सात दिवसांत मालक बदलून देईल." सातचे दहा करा, माझी हरकत नाही. कंपनी, लिटर आणि बसवल्याचं साल तेवढं वर लिहा, आणि सही करण्याआधी गिझर चालू करून पाणी तापतंय ना ते बघा.