वीस टक्के प्रथिनं, पण कोणती?

दुपार कलली आहे. कोंबड्यांची अंडी एव्हाना गोळा झालेली असतात, पण लाव्हीच्या (अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या छोट्या क्वेल पक्ष्याच्या) पिंजऱ्यात खरी लगबग आता सुरू होते. जपानी लाव्ही बहुतेक अंडी दुपारनंतर अंधार पडेपर्यंतच्या वेळात घालते.

ही मादी साधारण १६० ग्रॅमची. अंडं ११ ग्रॅमचं, म्हणजे तिच्या वजनाच्या जवळपास सात टक्के. १८०० ग्रॅमच्या कोंबडीचं ६० ग्रॅमचं अंडं याच्या निम्म्या प्रमाणातही बसत नाही. लाव्ही हे काम सहाव्या-सातव्या आठवड्यातच सुरू करते, आणि तेही दिवसाला जेमतेम २५ ग्रॅम खाद्यावर.

खाद्याच्या पोत्यावर लिहिलेलं असतं: प्रथिनं २० टक्के. आकडा बरोबर आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये अंडी घालणाऱ्या लाव्हीसाठी हेच प्रमाण दिलं. पण त्याच तक्त्यात पुढे लायसिन १ टक्का आणि मिथिओनीन ०.४५ टक्के असंही आहे, आणि खरी मेख तिथे आहे. लाव्हीला ‘प्रथिनं’ नावाची वस्तू लागतच नाही. लागतात ती प्रथिनं ज्यांची बनतात ती लायसिन-मिथिओनीनसारखी ठरावीक अमिनो आम्लं, ठरावीक प्रमाणात.

पिवळ्या बलकाची प्रथिनं यकृतात घडतात, पांढरा बलक अंडनलिकेत काही तासांत साचतो. ठरलेली नक्षी विणताना एका रंगाचा धागा संपला, की बाकीच्या धाग्यांचे ढीग असूनही माग थांबतो, इथेही तसंच. आणि ही आम्लं साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. उरलेल्यांचा नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातो, तो बाहेर काढायला ऊर्जा खर्च होते, आणि शेडमध्ये अमोनियाचा उग्र वास भरतो. महागडी पेंड अशी वासात जाते.

मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी. सोयाबीन पेंडीत लायसिन भरपूर, मिथिओनीन तोकडं. दोघं एकत्र केले तरी मिथिओनीनची उणीव राहतेच, म्हणून ते वरून घालावं लागतं. बाजारातलं डीएल-मिथिओनीन रासायनिक पद्धतीने बनतं, आणि त्यात ‘डी’ आणि ‘एल’ ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपं निम्मी-निम्मी असतात. त्यातला ‘डी’ अर्धाही पक्षी शरीरात बदलून वापरतो. लायसिनला ही सवलत नाही. ते ‘एल’ रूपातच लागतं, म्हणून जिवाणूंकडून आंबवून घेतात.

हिशेब किती बारीक आहे बघा. २५ ग्रॅम खाद्यातून एका लाव्हीला मिळायचं मिथिओनीन सुमारे ११० मिलिग्रॅम. म्हणून ही पावडर थेट ढिगावर ओतत नाहीत. आधी थोड्या मक्याच्या पिठात कालवतात, मग मोठ्या मिश्रणात मिसळतात. भरडाही बारीक हवा, कारण लाव्ही मक्याचे जाड कण वेचून खाते आणि पीठ मागे टाकते. उन्हाळ्यात तर ती खातेच कमी; मग टक्का तोच ठेवला तरी पोटात मिलिग्रॅम कमी जातात. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

कमतरता सौम्य असेल तर पहिल्यांदा अंड्याचं वजन घटतं, संख्या नंतर. त्यामुळे नुसती अंडी मोजणाऱ्याला बातमी उशिरा कळते. वजनकाटा ती आधी देतो.

हल्ली पेंड कमी करून शुद्ध अमिनो आम्लं घालण्याकडे कल आहे. विष्ठेतला नायट्रोजन त्याने खरंच कमी होतो. मात्र प्रथिनं उतरवत गेलं की मिथिओनीन-लायसिन भरून काढल्यावरही थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन यांपैकी कुणीतरी कमी पडू लागतं, आणि तक्ता नव्याने मांडावा लागतो.