पंप अ‍ॅक्शन शॉटगन: आधी रिकामी, मग साफ, मग तेल

नमस्कार मंडळी. नवीन पंप अ‍ॅक्शन शॉटगन घेतलीय आणि ती साफ कशी करायची हे विचारायला लाज वाटतेय अशांसाठी आजचं बोलणं आहे. रेडिओवरून हाताने दाखवता येत नाही, म्हणून तुमच्या बंदुकीचं मॅन्युअल शेजारी ठेवा, माझ्यात आणि मॅन्युअलमध्ये फरक निघाला तर मॅन्युअलचं ऐका.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी करायची. आता तुम्ही म्हणाल हे काय सांगायचं, पण या बंदुकीत एक गोची आहे. नळीखाली दुसरी नळी असते, मॅगझिन ट्यूब, तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी बसलेली असतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तुम्ही पंप, म्हणजे नळीखालची पुढेमागे सरकणारी मूठ, मागे ओढता, चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बार व्हायच्या जागेतलं, काडतूस बाहेर उडतं, वाटतं झालं काम, आणि पंप पुढे ढकलला की ट्यूबमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं! म्हणजे रिकामी करता करता तुम्ही ती भरलीत. म्हणून नळी सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट चापापासून लांब, पंप पूर्ण मागे, चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून चाचपायचं, मग ट्यूबच्या तोंडात बघायचं, तिथे काडतूस ढकलणारा तुकडा, फॉलोअर म्हणतात त्याला, तो दिसला पाहिजे आणि हाताला लागला पाहिजे. काडतुसं बाजूला नाही ठेवायची, दुसऱ्या खोलीत ठेवायची.

आणि पंप मागे येतच नसेल तर घाबरू नका, बंदूक बिघडलेली नाही. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आत आपटून बार काढणारा तुकडा, ताणलेला असताना पंप लॉक होतो. चापाच्या गार्डजवळ एक छोटा खटका असतो, काही कंपन्यांचा गार्डच्या पुढे, काहींचा मागे, तो दाबला की पंप सुटतो. नवीन माणूस काय करतो, लॉक सोडवायला चाप ओढतो. हे आयुष्यात करू नका.

दुकानातून आणलेली कोरी बंदूकसुद्धा आधी साफ करायची बरं का, कारण कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून तिला जाडसर तेल फासलेलं असतं, ते ठेवणीतलं तेल आहे, चालवायचं नाही.

आता नळी. पंप अ‍ॅक्शनचं सुख म्हणजे मॅगझिन ट्यूबच्या पुढची टोपी फिरवली की नळी सहज हातात येते. फक्त टोपी काढताना तोंड बाजूला ठेवा, काही बंदुकांत आतली दाबलेली स्प्रिंग टोपीबरोबर उसळून येते आणि मग ती सोफ्याखाली शोधत बसा. नळी सुटी झाली की उजेडासमोर धरून आत बघा. १२ गेजची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटरची, तिच्यात तीन प्रकारची घाण असते: दारूची काजळी, छर्र्यांचं शिसं, आणि वॅडचं, म्हणजे काडतुसात छर्रे धरणाऱ्या कपाचं, प्लॅस्टिक, जे गरम होऊन भिंतीला चिकटतं आणि राखाडी पट्ट्यांसारखं दिसतं. आधी सॉल्व्हंट लावलेली चिंधी फिरवा आणि मग चक्क दहा मिनिटं काही करू नका, भिजू द्या. लोकांना इथेच धीर नसतो, लगेच घासायला घेतात. मग ब्राँझचा ब्रश, चेंबरच्या बाजूने घालायचा, आरपार बाहेर काढायचा, मग कोऱ्या चिंध्या, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत. चेंबरला थोडा जास्त वेळ द्या, काडतूस अडकून बाहेर न येण्याची तक्रार बऱ्याचदा तिथल्या घाणीमुळेच असते. सुटा चोक, म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसणारा, छर्र्यांचा फैलाव ठरवणारा तुकडा, असेल तर तोही काढून आटे पुसा, आट्यांना नावापुरतं ग्रीस, नाहीतर कधीतरी तो असा जाम होतो की विचारू नका.

आता तेल. माझं मत स्पष्ट आहे, नवीन मालकांच्या हातून बंदूक तेल कमी पडून बिघडत नाही, जास्त घालून बिघडते. मी स्वतः पहिल्या वर्षी मायेने भरपूर तेल ओतायचो आणि बंदूक नळी वर करून उभी ठेवायचो, तेल हळूहळू ओघळून लाकडी दस्त्यात मुरलं, दस्ता जिथे धातूला भेटतो तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडलं. शिवाय तेलाला धूळ चिकटते आणि त्याचा चिखल होतो, थंडीत तर तो घट्टच होतो. पंपाच्या दोन लांब पट्ट्या, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट जिथे घासतो ती जागा, मॅगझिन ट्यूबची बाहेरची बाजू, प्रत्येकी एक थेंब, बोटाने पसरवा, संपलं. ट्यूबच्या आत कोरडंच राहू द्या, तेल काडतुसात झिरपलं तर ते कदाचित उडणार नाही. नळीत तेलाचा हात फिरवला असेल तर पुढच्या वेळी बार काढण्याआधी कोरडी चिंधी फिरवायची, आणि आत चिंधी राहिली नाही ना हे बघायचंच, अडथळा असलेली नळी फाटते.

चापाचा जुडगा, म्हणजे चाप आणि घोडा एकत्र बसवलेला भाग, एक-दोन पिनांवर असतो, काढता येतो, पण पहिली दोन-तीन वर्षं नका काढू. आणि काढलाच तर बाहेर असताना घोडा आपटू देऊ नका.

जोडून झालं की डमी, म्हणजे दारू नसलेली नकली, काडतुसं घालून पंप जोरात मागे, जोरात पुढे, काडतूस येतंय जातंय का बघा. सेफ्टी लावून चाप ओढा, घोडा पडता कामा नये. मग बाहेरून पुसून घ्या, कारण हाताच्या घामात मीठ असतं आणि पॉलिशवर बोटांचे ठसे अक्षरशः गंजाने उमटतात. कुलपात ठेवा, रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि फोमच्या बॅगेत तर अजिबात नको, फोम ओलावा धरून बसतो.

बाकी खिडकी उघडी ठेवून काम करा, सॉल्व्हंट पेट घेतं आणि वासही डोक्यात जातो. काम आटपून उठल्याबरोबर साबणाने हात धुवा, चहाचा कप त्यानंतर, बोटांवर शिसं असतं.