सोलापूरच्या परसबागेसाठी फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे वाण

फ्लॉवरचे बियाणे घ्यायला दुकानात गेलो की आपण बहुतेक वेळा ‘चांगले वाण कोणते?’ असे विचारतो. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण सिमल्याकडे उत्तम ठरलेले वाण सोलापुरात नुसती पाने वाढवत बसते. ‘हे वाण किती तापमानात गड्डा धरते?’ असे विचारायला हवे. आजच्या व्याख्यानाचा बहुतेक भाग मी या एका प्रश्नासाठी ठेवला आहे, कारण खत, पाणी, औषध यांतली चूक हंगामात सुधारता येते, पण चुकीचे वाण एकदा वाफ्यात गेले की तो हंगाम गेलाच.

फ्लॉवरचे रोप ठरावीक पाने येईपर्यंत केवळ वाढत असते. त्यानंतर त्याच्या वाणाला मानवणारे तापमान मिळाले, तरच शेंडा गड्ड्याकडे वळतो. फ्लॉवर भारतात 1822 साली सहारनपूरच्या बागेत इंग्लंडहून आला. ते थंड हवेचे पीक होते; परंतु उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी जी झाडे उष्म्यातही गड्डा धरत होती त्यांचेच बी पिढ्यान्‌पिढ्या राखले, आणि त्यातून देशी फ्लॉवरचे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, गट तयार झाले. आज पुसा मेघना, पुसा दीपाली यांसारखी हळवी वाणे साधारण 20 ते 27 अंशांत गड्डा धरतात, पुसा शरदसारखी निमगरवी, म्हणजे मध्यम मुदतीची, वाणे 16 ते 20 अंशांत, तर गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, स्नोबॉल गटाला 10 ते 16 अंश लागतात.

हे आकडे आपल्या हवेशेजारी ठेवून पाहा. सोलापुरात ऐन डिसेंबरमध्येही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो आणि पहाटे पंधराच्या आसपास उतरतो. म्हणजे आपली कडाक्याची थंडी हीच हळव्या वाणांना मानवणारी हवा आहे. म्हणून माझा आग्रह असा, की इथल्या परसबागेत मुख्य भिस्त हळव्या गटावर ठेवावी, ऐन थंडीत गड्डा धरेल अशा बेताने निमगरव्या वाणाची चार-सहा रोपे लावावीत, आणि पाकिटावरचे चित्र कितीही पांढरेशुभ्र असले तरी स्नोबॉल घेऊ नये. त्याला हवी तशी थंडी आपल्याकडे काही रात्रींपुरतीच येते. फेब्रुवारीचे ऊन सुरू झाले की धरलेला गड्डाही सैल पडतो, त्याचा पृष्ठभाग रवाळ होतो आणि मधूनच पाने डोकावू लागतात.

हळवे वाणही वेळ पाळूनच लावावे लागते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोप टाकून चार-साडेचार आठवड्यांनी पुनर्लागण करावी, म्हणजे रोपे उपटून कायमच्या जागी लावावीत. ते फार उशिरा लावले, किंवा वाफ्यात रखडलेले, पिवळे पडलेले, वय उलटलेले रोप लावले, तर झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरते आणि पुढे काही केल्या वाढत नाही. याउलट गरवे वाण लवकर लावले, तर नुसता पाला वाढतो. लोक दोन्ही वेळा बियाण्याला दोष देतात. प्रत्यक्षात वाण आणि तारीख यांची जोडी जुळलेली नसते. उन्हात गड्डा पिवळट पडू नये म्हणून बाहेरची पाने वर बांधावी लागतात. पुसा दीपालीची आतली पाने गड्डा बऱ्यापैकी झाकून घेतात, त्यामुळे नोकरी सांभाळून बाग करणाऱ्यांना ते वाण सोयीचे आहे.

ब्रोकोलीचे गणित अधिक कडक आहे. फ्लॉवरमध्ये आपण फूल होण्याआधीचा गाभा खातो, ब्रोकोलीत प्रत्यक्ष कळ्या खातो. त्यामुळे उष्मा वाढताच त्या कळ्या फुगतात आणि उमलतात. गड्ड्याच्या कडेला एखादी कळी पिवळी दिसू लागली, की त्याच दिवशी कापणी करावी. या पिकाला 15 ते 20 अंश मानवतात, म्हणजे आपल्याकडे एकच खिडकी उरते. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) हिमाचलातल्या कटराईन केंद्राचे पुसा ब्रोकोली केटीएस-1 पुनर्लागणीनंतर साधारण 90 ते 105 दिवस घेते. ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जमिनीत गेले, तरच जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या सुमारास गड्डा हाती येतो. पालमपूरच्या कृषी विद्यापीठाचे पालम समृद्धी थोडे लवकर येते. ज्यांना उशीर झाला असेल त्यांनी 60 ते 70 दिवसांत येणारे संकरित वाण घ्यावे.

संकरित वाणांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांचे सगळे गड्डे एकदम तयार होतात, आणि मंडईत माल नेणाऱ्याला तेच हवे असते. घरी मात्र एका आठवड्यात आठ गड्डे आले तर करायचे काय? सुधारित, म्हणजे संकरित नसलेले, वाण पुढेमागे तयार होते, ही बाजारात उणीव समजली जाते, पण परसबागेत ती सोय आहे. संकरितच लावायचे असेल, तर दर दहा-बारा दिवसांनी चार-चार रोपे तयार करावीत. एका ग्रॅममध्ये सुमारे 300 बिया असतात, त्यामुळे छोटे पाकीट दोन-तीन घरांत वाटून घेतले तरी पुरते.

जागा अगदीच कमी असेल तर मी ब्रोकोलीच सुचवेन. फ्लॉवरचा गड्डा काढला की झाड संपते. ब्रोकोलीचा मधला गड्डा तिरपा कापून झाड तसेच ठेवले, तर पानांच्या बेचक्यांतून लहान गड्डे फुटतात आणि थंडी असेपर्यंत भाजी मिळत राहते. मात्र सर्व वाणे सारखी फुटत नाहीत, म्हणून बियाणे घेताना हे विचारून घ्यावे.

आता जमिनीविषयी. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत सामू (पीएच) जास्त असल्याने पिकाला बोरॉन नीट मिळत नाही. त्याची खूण म्हणजे देठ आतून पोकळ व तपकिरी होतो आणि गड्ड्यावर तांबूस डाग पडतात. चौरस मीटरला एक ते दीड ग्रॅम बोरॅक्स शेणखतात मिसळून लागणीपूर्वी द्यावे. त्याहून जास्त देऊ नये, कारण बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असते.

बी घरी धरण्याविषयी अनेकजण विचारतात. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही. शिवाय फ्लॉवर, ब्रोकोली, कोबी, नवलकोल ही सारी एकाच जातीची असून मधमाश्यांमुळे त्यांचा आपसांत संकर होतो. ज्यांना हा प्रयोग करायचाच आहे, त्यांनी देशी हळव्या फ्लॉवरपासून सुरुवात करावी, कारण त्याचे बी मैदानी हवेतही धरते, आणि एकाच झाडावर न थांबता निदान सात-आठ झाडे फुलावर सोडावीत, कारण यांतली बहुतेक झाडे स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत.