एकाच जाडीच्या दोन तारा

श्रोतेहो, नमस्कार.

रोध म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा; तो असतो समोरच्या विशिष्ट तारेचा. रोधकता असते ती तार ज्या पदार्थाची आहे त्या पदार्थाची. तार दुप्पट लांब घेतली की तिचा रोध दुप्पट होतो, तिच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले की तो निम्मा होतो. परंतु तापमान तेच असेल तर रोधकता दोन्ही वेळी जागची हलत नाही. म्हणूनच रोध ओहममध्ये मोजतात आणि रोधकता ओहम-मीटरमध्ये. पुन्हा सांगतो: रोध तारेचा, रोधकता पदार्थाची.

हा भेद किती मोलाचा आहे, हे अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या केबलने जगाला शिकवले, आणि ती हकीकत मला फार प्रिय आहे. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत तारायंत्राची केबल टाकण्याची तयारी चालू असताना, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या तांब्याच्या तारा तपासल्या. लांबी आणि जाडी यांचा हिशेब चुकता केल्यावर सर्व तारा सारख्याच निघतील, अशी कोणाचीही अपेक्षा असती, कारण तांबे ते तांबेच. प्रत्यक्षात काही नमुन्यांच्या रोधकतेत जवळपास दुपटीचा फरक निघाला. हा निष्कर्ष त्यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. दोष तारेच्या मापात नव्हता, तांब्याच्या शुद्धतेत होता, कारण आर्सेनिकसारख्या अशुद्धीचा अंशही तांब्याची रोधकता वाढवतो.

ऑगस्ट १८५८ मध्ये केबल जोडली गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. संदेशाचा वेग तारेचा रोध आणि केबलची विद्युतधारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) या दोहोंवर अवलंबून असतो, हे थॉमसन आधीपासून सांगत होते. तरीही केबल कंपनीचे विद्युततज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी फार मोठा विद्युतदाब लावला, आधीच सदोष असलेले आवरण त्याने आणखी खचले आणि काही आठवड्यांत केबल मूक झाली. (मोजमाप करणाऱ्या माणसाचे म्हणणे काम सुरू होण्यापूर्वी ऐकले जावे, असे मला मनापासून वाटते; मोजमापाला शोधाइतका मान अजूनही मिळत नाही.) १८६६ च्या यशस्वी केबलमध्ये दर सागरी मैलाला १०७ पौंडांऐवजी ३०० पौंड तांबे घातले गेले, आणि तेही वाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, तपासून घेतलेले. जाडी वाढवून तारेचा रोध कमी केला, शुद्ध तांबे निवडून पदार्थाची रोधकता कमी ठेवली. हे दोन वेगळे उपाय आहेत, श्रोतेहो, आणि दोन्ही लागले.

उलट, उष्णता हवी असते तेथे जास्त रोधकता उपयोगी पडते. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७ ओहमच्या आसपास असतो, तर त्याच मापाच्या नायक्रोमच्या (निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या) तारेचा एक ओहमहून थोडा अधिक. म्हणून हीटरची गुंडाळी नायक्रोमची असते.

तापमानाचा उल्लेख मात्र कधीही गाळू नये, कारण तांबे एका अंशाने तापले की त्याची रोधकता सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढते. १९१३ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार २० अंश सेल्सिअसला, एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या प्रमाण तांब्याचा रोध एक-अठ्ठावन्नांश ओहम धरला गेला, आणि त्याची वाहकता शंभर टक्के मानली गेली. आजचे अतिशुद्ध तांबे या मोजणीत शंभराच्याही किंचित पुढे जाते.