उद्योगी माणूस, औद्योगिक माणूस

‘काय उद्योग चाललाय?’ असं आई लेकराला विचारते, तेव्हा त्या प्रश्नात कारखाना नसतो. मराठीतला ‘उद्योग’ अजून माणसाच्या हातात आहे: खटपट, मेहनत, प्रसंगी नसती उठाठेव. पण ‘औद्योगिक’ म्हटलं की डोळ्यांपुढे चिमणी येते, भोंगा येतो, वसाहत येते. एका पोटच्या या दोन शब्दांमध्ये माणूस कुठे गळला, ते आज मला तुमच्याबरोबर शोधायचं आहे.

‘इंडस्ट्री’चीही हीच कथा. लॅटिन ‘इंडस्ट्रिया’ म्हणजे कष्टाळूपणा, माणसाच्या अंगचा गुण. कारखानदारी वाढत गेली तसं गुणाचं नाव व्यवस्थेला चिकटलं. इंग्रज इतिहासकार आर्नल्ड टॉयन्बी यांची व्याख्यानं १८८४ मध्ये छापून आली आणि ‘औद्योगिक क्रांती’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत रुळला.

हे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळले ते इंग्लंडच्या ‘इंडस्ट्रियल स्कूल’मध्ये. १८५७ च्या कायद्यानं भटक्या, बेवारस मुलांना न्यायाधीशाच्या हुकमावरून तिथे पाठवता येऊ लागलं. मुलांच्या अंगी कष्टाळूपणा यावा, हा हेतू. सात वर्षांच्या पोरात तो गुण हुकमानं रुजवायचा! मला या शब्दाच्या इतिहासातलं हे पान सगळ्यांत जास्त बोचतं.

१९०५ मध्ये शिकागोत ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही कामगार संघटना स्थापन झाली. तिथे या विशेषणाचा अर्थ वेगळाच आहे. कसबानुसार वेगळ्या संघटना नकोत. एका उद्योगात राबणारा कारागीर, हमाल, झाडूवाला, सगळे एकत्र. इथे हा शब्द माणसांना जोडतो, म्हणून मला तो प्रिय आहे.

आणि मग संगीत. ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या ब्रिटिश गटानं १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. घोषवाक्य होतं, ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’. पुढे पश्चिम बर्लिनच्या ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ या गटानं तर पत्रे आणि ड्रिल मशीनच रंगमंचावर आणली. कर्कश आहे, कबूल. पण जो खडखडाट कामगारानं पाळीभर कानांवर झेलला, तो इथे कुणी मुद्दाम, लक्ष देऊन ऐकतं. या संगीताकडे मी त्यासाठी पुन्हापुन्हा जातो.

उघड्या विटा आणि नळ दाखवणाऱ्या ‘इंडस्ट्रियल’ सजावटीबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. तिथे कारखान्याचं फक्त कातडं उरलं आहे.

बेर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन छायाचित्रकार दाम्पत्य वर्षानुवर्षं पाण्याच्या टाक्या, लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपत राहिलं. ढगाळ उजेड, समोरून घेतलेली चौकट, माणूस जवळजवळ नाहीच. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या छायाचित्रांना शिल्पकलेचं पारितोषिक मिळालं. मी ती बघतो तेव्हा आधी खालची ओळ वाचतो. ठिकाण असतं, साल असतं. टाकी रचणाऱ्याचं नाव नसतं.