कानपूरच्या डॉक्टरीणबाई

(पडद्यावर: कृष्णधवल छायाचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा फोटो तुम्ही पाहिलेला असणार. तेवीस जानेवारीला मोबाइलवर फिरताना तरी नक्कीच. सुभाषबाबू पलटणीची पाहणी करताहेत, आणि पलटण बायकांची आहे. लष्करी टोप्या, विजारी, बंदुका. सोबतची ही तरुणी म्हणजे कॅप्टन लक्ष्मी.

फोटो १९४० च्या दशकातला. त्यातली बाई २०१२ पर्यंत आपल्यात होती. मधल्या सत्तरएक वर्षांचे फोटो मात्र फारसे कुणी फिरवत नाही.

(दृश्य: केरळातली हिरवी टेकडी, जुनं कौलारू घर.)

जन्म २४ ऑक्टोबर १९१४, मद्रास. वडील एस. स्वामिनाथन हायकोर्टातले नावाजलेले वकील. आई अम्मू पुढं संविधान सभेच्या सदस्य झाल्या. घर तालेवार. केरळातल्या आजोळी गेलं, की भोवतीच्या रानातून, डोंगरातून आदिवासींच्या हाका ऐकू यायच्या. या लोकांच्या सावलीचासुद्धा विटाळ होतो, असं आजी सांगायची. एक दिवस छोटी लक्ष्मी उठली, त्यांच्यातल्याच एका मुलीपाशी गेली आणि तिचा हात धरून तिला खेळायला घेऊन आली. आजीचा पारा चढला. पोरींची गट्टी जमायची ती जमलीच. हा प्रसंग त्या म्हातारपणीही सांगायच्या.

१९३८ साली त्या एम.बी.बी.एस. झाल्या, मग प्रसूतिशास्त्राची पदविका घेतली. १९४० मध्ये सिंगापूर गाठलं आणि पोटासाठी भारतातून तिथं गेलेल्या गरीब मजुरांसाठी दवाखाना उघडला. फेब्रुवारी १९४२ मध्ये इंग्रजांनी सिंगापूर जपान्यांच्या हवाली केलं, तेव्हा डॉक्टरीणबाई जखमी युद्धकैद्यांना मलमपट्टी करत होत्या.

(दृश्य: सिंगापूरची जुनी चित्रफीत.)

जुलै १९४३. सुभाषबाबू सिंगापुरात आले आणि आझाद हिंद सेनेत बायकांची पलटण उभी करायची म्हणाले. लक्ष्मीबाईंशी त्यांचं बोलणं कित्येक तास चाललं. उठल्या त्या पलटणीची जबाबदारी घेऊनच. नाव ठरलं, झाशीची राणी रेजिमेंट.

हे नाव ऐकलं की आपल्याकडे लगेच छाती फुगते. पण भरती झालेल्या मुलींकडे जरा बघा. कित्येकजणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या. अनेकींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मोरोपंत तांब्यांच्या मनूचं नाव या पोरींनी खांद्यावर घेतलं. २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकार जाहीर झालं. मंत्रिमंडळात बाई एकच, लक्ष्मी. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण छावणी सुरू झाली. वयाची एकोणतीस पुरी व्हायला तेव्हा दोन दिवस बाकी होते.

पुढं बर्मा, माघार, आणि मे १९४५ मध्ये अटक. मार्च १९४६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. हिशेब केला तर गणवेश अंगावर पुरती तीन वर्षंसुद्धा नव्हता. ‘कॅप्टन’ मात्र नावाला चिकटलं ते कायमचं.

(दृश्य: कानपूर. गजबजलेला रस्ता, सायकलरिक्षा.)

मार्च १९४७ मध्ये लाहोरला लग्न झालं. नवरदेव प्रेम सहगल, म्हणजे आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या त्या गाजलेल्या खटल्यातल्या तिघांपैकी एक. शाहनवाज खान आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ हे दुसरे दोघे. जोडप्यानं बिऱ्हाड थाटलं कानपूरला.

कानपूर म्हटलं की मराठी माणसाला शेजारचं बिठूर आठवतं, नानासाहेब आठवतात, मनूचं बालपण आठवतं. राणीच्या नावाच्या पलटणीची कॅप्टन त्याच मुलखात संसाराला आली. तिला या योगायोगाचं कौतुक करत बसायला फुरसत नव्हती. फाळणी झाली होती, निर्वासितांचे लोंढे येत होते. बाईंनी दवाखाना मांडला. दोन मुली झाल्या, सुभाषिनी आणि अनीसा. त्या वाढल्या, दवाखाना चालूच राहिला. अडलेल्या बाळंतिणी, तापानं फणफणलेली पोरं, आणि गरिबांसाठी फी असलीच तर नावापुरती.

१९७१ साली बांगलादेशातून माणसं येऊ लागली, तेव्हा औषधं घेऊन त्या बोनगावच्या सीमेवरच्या छावण्यांत गेल्या. त्याच सुमारास मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात आल्या.

आणि मग १९८४. हे वर्ष आम्हाला घाईत उरकायचं नाही.

२४ ऑक्टोबरला त्यांनी सत्तरी पूर्ण केली. ३१ ला इंदिरा गांधींची हत्या झाली, आणि शीखांना शोधत जमाव रस्त्यावर उतरले. कानपूरही पेटलं. सत्तर वर्षांची ही डॉक्टरीण दवाखान्याबाहेर आली आणि जमावासमोर उभी राहिली. दवाखान्याभोवतीच्या त्या दाट वस्तीत एकाही शीखावर, त्यांच्या एकाही दुकानावर हात पडू दिला नाही.

महिना सरतो न सरतो तोच भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. वैद्यकीय पथक घेऊन त्या तिथं हजर. पुढं कित्येक वर्षांनी, त्या वायूनं गरोदर बायकांवर काय परिणाम केले, याचा अहवालही त्यांनी लिहिला. दुर्घटना शिळी झाली, तरी बाळंतिणींचा माग त्यांनी सोडला नव्हता.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं, भराभर.)

१९९६ मध्ये बंगळुरूत सौंदर्यस्पर्धेविरुद्ध आंदोलन, आणि ब्याऐंशीच्या घरात अटक. १९९८ मध्ये पद्मविभूषण. २००२ मध्ये डाव्यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं, समोर डॉ. अब्दुल कलाम. निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कलामांच्या मतांचं मूल्य ९,२२,८८४, त्यांचं १,०७,३६६. निवडणूक आटोपली, बाई पुन्हा रोग्यांत.

२००६ मध्येही, ब्याण्णवाव्या वर्षात, त्या कानपूरच्या दवाखान्यात रोगी तपासत होत्या.

(दृश्य: रिकामी खुर्ची, टेबलावर स्टेथोस्कोप. आवाज फक्त रस्त्याचा.)

२३ जुलै २०१२ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. चिता रचली गेली नाही. त्यांच्या इच्छेनुसार देह कानपूरच्या मेडिकल कॉलेजकडे सोपवला, डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरापोरींसाठी.